पदक कोठे तयार होते?



दर चार वर्षांनी ऑलिंपिकचा सोहळा आटोपला, की आपल्याकडे पंधरा दिवस एकच प्रश्न चघळला जातो. एवढा मोठा देश, आणि पदके एवढीच का? पानाच्या दुकानापासून लोकसभेपर्यंत त्याची चर्चा होते, आणि सोळाव्या दिवशी ती थांबते. पुढच्या ऑलिंपिकपर्यंत प्रश्न तसाच शाबूत राहतो. या व्याख्यानमालेच्या चालकांनी तोच प्रश्न आमच्यापुढे भर वसंतात, स्पर्धांचा गलबला नसताना ठेवला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. शांतपणे बोलावयास हाच काळ बरा.

आधी हिशेब पाहू. २०२४ साली पॅरिसला आपले ११७ खेळाडू गेले आणि सहा पदके घेऊन आले. त्यांत एक रौप्य, पाच कांस्य. पदकांच्या तक्त्यात आपला क्रमांक एकाहत्तरावा लागला. हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याच पॅरिसमध्ये सहा ठिकाणी आपण चौथे आलो, हे किती जणांच्या ध्यानात आहे? नेमबाजीत अर्जुन बबुता चौथा, मनू भाकर तिच्या तिसऱ्या प्रकारात चौथी, भारोत्तोलनात मीराबाई चानू चौथी, बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन चौथा, शिवाय तिरंदाजीची व स्कीट नेमबाजीची मिश्र जोडी. सहा पदके आणि सहा हुकलेली पदके! एक किलो, एक गुण, एक बाण, एवढ्यावर सारे अडले. आम्हांस या विषयाचे मर्म एकाहत्तराव्या क्रमांकापेक्षा या सहा चौथ्या क्रमांकांत अधिक दिसते. जगातल्या चौघांत येणारी माणसे आपल्यापाशी आहेत. चौथ्याचा पहिला करावयाचा, आणि चौथा येऊ शकेल अशी माणसे सहाऐवजी साठ निर्माण करावयाची, अशी ही दोन निरनिराळी कामे आहेत. त्यांची गल्लत केली की चर्चा फसते.

लोकसंख्येचा दाखला देणे आम्ही सोडून द्यावे हे बरे. एकशे चाळीस कोटींतून इतकीच पदके का, असे विचारणारा मनात धरून चालतो, की हे एकशे चाळीस कोटी लोक केव्हा ना केव्हा मैदानावर उतरले होते. वस्तुतः किती मुलांच्या हातात कधी भाला आला? किती मुलींनी पोहण्याचा तलाव डोळ्यांनी पाहिला? ज्याने भाला धरलाच नाही, तो भालाफेकीच्या हिशेबात धरावयाचा कसा? जमैका नावाचे एक बेट आहे. लोकसंख्या सुमारे अठ्ठावीस लाख, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी. २००८ साली बीजिंगला शंभर मीटरच्या शर्यतीत पुरुषांत पहिला आला तो जमैकाचा, आणि स्त्रियांत पहिली व तिच्या मागे बरोबरीने दुसऱ्या आलेल्या दोघी, अशा तिघीही जमैकाच्याच. लोक म्हणतात, त्यांचे रक्तच तसे. असेलही. पण त्या बेटावर १९१० सालापासून शाळाशाळांची धावण्याची स्पर्धा भरते. तिला नुसते ‘चॅम्प्स’ म्हणतात. पाच दिवस राष्ट्रीय मैदान माणसांनी फुललेले असते. आजोबा आपल्या जुन्या शाळेचे रंग अंगावर घालून नातवंडांच्या शाळेसाठी ओरडत असतात. तेथे चांगले धावू शकणारे मूल कोणाच्या नजरेस पडल्यावाचून राहणे कठीण. रक्ताची परीक्षा करणारे पुष्कळ भेटतात. या शंभर वर्षांच्या शाळकरी स्पर्धेची परीक्षा कोणी करीत नाही.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात कशी झाली हे सांगण्याजोगे आहे, कारण ती याच मराठी मुलखात झाली. पुण्यास १९०६ साली डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. तिच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा उपस्थित राहत. खेड्यापाड्यांतून आलेले धावपटू अनवाणी पायांनी धावत, आणि धावत ते चांगले. तंत्र ठाऊक नाही, नियम ठाऊक नाहीत, पायांत बूट नाहीत, तरी धाव पाहण्यासारखी. टाटांच्या मनात आले की यांतले काही जण युरोपात का जाऊ नयेत? १९२० साली बेल्जममध्ये अँटवर्प येथे झालेल्या ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला तो या खटपटीतून. त्यात बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. रणधीर शिंदे नावाचा मल्ल कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. चौथे येण्याची परंपरा अशी शंभर वर्षांची आहे!

त्या संघामागे एक धनिक उभा होता. शासन नव्हते, संघटना नव्हती, शास्त्र नव्हते. एक उदार माणूस होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे बहात्तर वर्षे, किंबहुना त्याहूनही अधिक काळ, हेच चालत आले.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकीकत आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असेल. तरीही ती आम्ही पुन्हा काढतो, कारण तिच्यात आपल्या विषयाचे निम्मे उत्तर आहे. १९४८ साली खाशाबा लंडनला गेले तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तोपर्यंत हा माणूस मातीवर कुस्ती खेळलेला. लंडनला पायाखाली आली गादी, आणि नियम आले परके. रीस गार्डनर नावाच्या परदेशी वस्तादाने त्यांना जमेल तेवढे शिकविले, आणि खाशाबा सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली. १९५२ साली हेलसिंकीला जावयाची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशाचा प्रश्न. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. ज्या राजाराम कॉलेजात ते शिकले, त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राचार्याने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकावे!

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाचा, मेक्सिकोचा व जर्मनीचा मल्ल पाडला. मग जपानच्या इशीशी त्यांची लांबलेली झुंज झाली. ती आटोपते न आटोपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले असे सांगतात. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, पण तसे पंचांपुढे भांडावयास तेथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेला गडी हरला. तरी कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या एखाद्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कऱ्हाडहून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे ते पोलीस खात्यात लागले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर. असो.

त्यांच्यानंतरचे दुसरे वैयक्तिक पदक लिअँडर पेसने आणले ते १९९६ साली. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली.

आता या हकीकतीशेजारी दुसरी ठेवू. खाशाबांची कुस्ती सत्तावन्न किलो वजनाच्या गटातली. पॅरिसला त्याच सत्तावन्न किलोंच्या गटात हरियाणाच्या अमन सेहरावत या एकवीस वर्षांच्या मुलाने कांस्यपदक मिळविले. उपांत्य फेरीची कुस्ती तो हरला. त्या रात्री वजन केले तर ते साडेएकसष्ट किलोंच्या घरात. सकाळी वजन द्यावयाचे, आणि हातात सुमारे दहा तास. दोनच दिवस आधी विनेश फोगाट शंभर ग्रॅमच्या फरकाने अंतिम कुस्तीला मुकली होती, त्यामुळे सर्वांच्या पोटात गोळा. अमनचे शिक्षक रात्रभर त्याच्यासोबत जागले. कुस्ती, गरम पाण्याची अंघोळ, धावपट्टी, वाफ, पुन्हा धावपट्टी, मधूनमधून मालीश, असे करीत पहाटेपर्यंत त्यांनी चार किलो सहाशे ग्रॅम वजन उतरविले. सकाळी तो काट्यावर उभा राहिला, वजन बसले, आणि पदकाची कुस्ती त्याने जिंकली.

मल्ल दोघेही जिद्दीचे. बाहत्तर वर्षांत जे बदलले ते आखाड्याबाहेर. एकाच्या बाजूने नियम सांगावयास कोणी नव्हता; दुसऱ्यासाठी रात्रभर काट्याकडे डोळे लावून बसलेली माणसे होती. पदक जिंकतो खेळाडू हे खरे, पण त्याच्यामागे आहार पाहणारा, स्नायूंचे दुखणे पाहणारा, प्रतिस्पर्ध्याच्या कुस्त्यांची चित्रफीत बघून टिपणे काढणारा, नियमपुस्तक तोंडपाठ असणारा आणि खेळाडूचे मन सांभाळणारा, अशी पाचसहा माणसे लागतात. चौथ्याचा तिसरा होतो तो बहुधा यांच्यामुळे. विनेशचे उदाहरण तर याचीच उलटी बाजू दाखविते. जगज्जेतीला हरविणारी कुस्तीगीर काट्यावर हरते, तेव्हा खेळ कोठवर पसरला आहे हे कळून येते.

घर गहाण टाकण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. २००१ साली इंग्लंडमधली प्रसिद्ध बॅडमिंटन स्पर्धा जिंकणाऱ्या पुलेला गोपीचंदांना हैदराबादेस मुलांसाठी प्रबोधिनी काढावयाची होती. पैसा पुरेना, तेव्हा त्यांनी आपले घर गहाण ठेवले. ती प्रबोधिनी २००८ साली उभी राहिली. तिच्यातून सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांची तीन ऑलिंपिक पदके आली. कोल्हापुरात १९५२ साली एक घर गहाण, हैदराबादेत अर्ध्या शतकानंतर दुसरे. या दोघांचे गुणगान करावे तेवढे थोडेच. पण ज्या देशाची पदके शिक्षकांच्या घरांच्या कागदपत्रांवर अवलंबून असतात, त्याला योजना आहे असे कोणी म्हणू नये.

योजना म्हणजे काय, हे पाहावयाचे तर दोन देशांकडे पाहू. १९७६ साली माँट्रिअलला ऑस्ट्रेलियाला एकही सुवर्णपदक मिळाले नाही. खेळावर जीव टाकणारा तो देश, हादरून गेला. १९८१ साली त्यांनी कॅनबेरा येथे राष्ट्रीय क्रीडासंस्था उघडली, खेळाडूंना तेथे ठेवले, शास्त्रज्ञ नेमले. २००० साली सिडनीला त्यांनी सोळा सुवर्णपदके मिळविली. मध्ये चोवीस वर्षे गेली हे विसरू नये. इंग्लंडची, म्हणजे ब्रिटनची, हकीकत अधिक ताजी. १९९६ साली अटलांटाला त्यांना एकच सुवर्ण मिळाले, तेही नावेच्या शर्यतीत रेडग्रेव्ह आणि पिन्सेंट या दोघांनी आणले म्हणून. तक्त्यात देश छत्तिसावा. दुसऱ्याच वर्षापासून राष्ट्रीय सोडतीच्या उत्पन्नातला पैसा त्यांनी निवडक खेळाडूंना थेट देण्यास आरंभ केला. खेळाडूने नोकरी सोडून पूर्ण वेळ सराव करावा, त्याला चांगला शिक्षक मिळावा, एवढी साधी कल्पना. २००० मध्ये अकरा सुवर्ण, २००८ मध्ये एकोणीस, २०१२ मध्ये लंडनला एकोणतीस, आणि २०१६ मध्ये सत्तावीस मिळवून तक्त्यात दुसरा क्रमांक. सायकलीच्या धावमार्गावर तर २००८ साली दहापैकी सात सुवर्णे त्यांनी घेतली.

श्रोते म्हणतील, मग आपणही तसेच करावे. थोडे थांबावे. ब्रिटनचा नियम कठोर होता. ज्या खेळात पदकाचा संभव नाही, त्याचा पैसा बंद. बास्केटबॉल हा तेथील गरीब वस्त्यांतल्या मुलांचा आवडता खेळ, पण पदक दृष्टिपथात नाही म्हणून त्याचे अनुदान थांबले. नावा, घोडे, सायकली यांच्याकडे पैसा गेला. पदके वाढली, पण सामान्य माणसाचे खेळणे त्या मानाने वाढले नाही. दुकानाची काच चकचकीत करणे आणि दुकानात माल भरणे यांत फरक आहे. आम्ही काच पुसण्याच्या विरुद्ध नाही; चौथ्याचा पहिला करावयास तीच लागते. पण आपला माल मुळातच थोडा आहे.

आणि पदकांसाठी देश कोणत्या थराला जातो, याचेही उदाहरण डोळ्यांपुढे असू द्यावे. पूर्व जर्मनी हा पावणेदोन कोटींच्या आतबाहेरचा देश. १९७६ साली त्याने चाळीस सुवर्णपदके मिळविली आणि सारे जग तोंडात बोटे घालून राहिले. पुढे भिंत पडली, कपाटे उघडली, आणि त्या पदकांमागची औषधे बाहेर आली. कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वे म्हणून पुरुषी संप्रेरके दिली जात होती. त्या मुलींची शरीरे कायमची बिघडली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या देशाच्या क्रीडाखात्याच्या जुन्या प्रमुखास दोषी ठरविले. हे परक्याचे पाप म्हणून आपण हात झटकू शकत नाही. २०२३ साली आपल्या देशात खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांत २१३ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट ठरले. यांतले पुष्कळसे खेळाडू गरीब घरचे असतात, सरकारी नोकरीच्या आशेने खेळत असतात, आणि बाटलीत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांच्याच जोडीला वय चोरणारी मुले. चौदा वर्षांखालील गटात सतरा वर्षांचा मुलगा उतरतो, पदक घेतो, आणि खरा चौदा वर्षांचा मुलगा दुसरा येऊन घरी बसतो. चोरणाऱ्याचे पुढे काही होत नाही, आणि ज्याचे व्हावयाचे तो खेळ सोडतो. जन्मतारखेचा दाखला देणारे हात गावातलेच असतात, एवढेच येथे म्हणतो.

आता खेळण्याच्या भुईविषयी. हॉकीत १९२८ ते १९५६ पर्यंत लागोपाठ सहा सुवर्णपदके आपली. १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर आपण विश्वचषक जिंकलो. दुसऱ्याच वर्षी माँट्रिअलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली, आणि जगज्जेता भारत सातवा आला. माणसे फारशी बदलली नव्हती, बदलली होती ती भुई. त्या भुईवर चेंडू वेगाने सरळ जातो, मनगटाच्या करामतीला भाव राहत नाही, दमाला येतो. आपण नव्या मैदानाला नावे ठेवीत बसलो आणि युरोपवाले त्यावर धावत सुटले. १९८० नंतर हॉकीचे पदक पाहावयास २०२१ साल उजाडले. मध्यंतरी ओडिशा राज्याने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचा भार उचलला, आणि सुंदरगढसारख्या आदिवासी जिल्ह्यात तालुक्यातालुक्याला कृत्रिम मैदाने घालण्याचे काम हाती घेतले. टोकियोला कांस्य मिळाले, पॅरिसला पुन्हा कांस्य मिळाले.

हीच गोष्ट मराठी कुस्तीची, आणि येथे आम्हांस थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान बांधले, तालमी पोसल्या, देशोदेशीचे मल्ल आणले. त्या पुण्याईवर आपण शंभर वर्षे जगलो. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती कमावावयाची, हलगी वाजली की अंगावर रोमांच यावयाचे, हे सारे आम्हांसही प्रिय आहे. परंतु ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते, सहा मिनिटांत संपते, आणि गुणांवर ठरते. मातीत अर्धा अर्धा तास जोर काढणारा गडी गादीवर पहिल्या मिनिटाला दोन वेळा पायात सापडतो आणि तेथेच मागे पडतो. हरियाणाने आणि दिल्लीने हे ओळखले, लहानपणापासून पोरे गादीवर घातली. २००८ पासून कुस्तीत भारताला मिळालेली सारी ऑलिंपिक पदके त्याच टापूतली आहेत. महाराष्ट्रात गुण नाही असे नव्हे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. पण तो वजनगट ऑलिंपिकमध्ये नव्हता. आपल्या बहुतेक मल्लांची नजर मात्र अजून महाराष्ट्र केसरीच्या गदेवर आणि जत्रेतल्या इनामावर खिळलेली असते. त्यांना दोष देता येत नाही. पोट तेथे भरते. जत्रेचे इनाम लावणाऱ्या पंचमंडळींनी गावच्या तालमीत एक गादी घातली, तर मातीचे काही बिघडणार नाही.

नेमबाजीचा स्वप्नील कुसळे याचे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्याचे गाव, वडील शिक्षक. २००९ साली, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. २०१५ पासून रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले ते हेच. २००९ ते २०२४ म्हणजे पंधरा वर्षे! या पंधरा वर्षांत किती मंत्री झाले, किती क्रीडाधोरणे आली, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. रायफलीला पैसा लागतो, गोळ्यांना पैसा लागतो, आणि पहिली दहा वर्षे दाखवावयास काही नसते. प्रबोधिनी टिकली, नोकरी टिकली, दीपाली देशपांडे यांच्यासारखी शिक्षिका लाभली, म्हणून पंधरावे वर्ष उजाडले.

याच्या शेजारी अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा. शाळा सहा किलोमीटर दूर म्हणून लहानपणी धावत जाई. पण कोणा क्रीडाशिक्षकाने त्याला हेरले नाही. बारावीनंतर तो फौजेत गेला, सियाचीनला राहिला, आणि फौजेच्या शर्यतीत विशीनंतर त्याच्या पायांचा शोध लागला. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत तो केनियाच्या विजेत्यामागे केवळ पाच शतांश सेकंदांनी दुसरा आला. साबळे फौजेत भरती झाला नसता तर? मराठवाड्यात सहा किलोमीटर चालत शाळेला जाणारी मुले आजही आहेत. त्यांच्या पायांखालचे अंतर कोणी मोजलेले नाही.

तेव्हा काय करावे? शासनाने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१४ पासून ऑलिंपिकच्या आशास्थानी असलेल्या खेळाडूंना थेट साहाय्य देण्याची योजना चालू झाली, २०१८ पासून ‘खेलो इंडिया’च्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या, आणि टोकियोची सात पदके व पॅरिसची सहा ही त्याची फळे आहेत. २००० साली एक पदक आणणारा देश एवढा पुढे आला हे मान्य केले पाहिजे. क्रीडासंघटनांच्या कारभारासाठी २०२५ साली संसदेने कायदाही केला. तो हवाच होता. २०१२ च्या अखेरीस आपल्या ऑलिंपिक संघटनेची मान्यता जागतिक समितीने थांबविली होती, आणि २०१४ च्या हिवाळी स्पर्धेत आपली मुले स्वदेशाच्या झेंड्याखाली नव्हे, तर ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालत मैदानात आली. २०२३ साली नामांकित स्त्री कुस्तीगिरांना दिल्लीच्या रस्त्यावर बसावे लागले. ज्या आईने हे दूरचित्रवाणीवर पाहिले, ती आपल्या मुलीला तालमीत धाडताना दहा वेळा विचार करील. पदकांच्या हिशेबात ही न पाठविलेली मुलगी कोठेच दिसत नाही.

आता २०३६ चे ऑलिंपिक भारतात भरविण्याची इच्छा आपण २०२४ साली लेखी कळविली आहे. यजमान होण्यात कमीपणा नाही. पण त्या वर्षी चोवीस वर्षांचा होणारा खेळाडू २०१२ साली जन्मलेला आहे. तो आज शाळेत बसला आहे, आणि त्याच्या वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताच्या शिक्षकाने मागून घेतला आहे. मोठे मैदान तीन वर्षांत बांधता येते. कंत्राटदार मिळाला की झाले. या मुलाच्या तासाला कंत्राटदार नाही.

आमच्या मते कामाची सुरुवात तेथूनच व्हावी. प्रत्येक शाळेला शिकलेला क्रीडाशिक्षक असावा, आणि त्याला मतदार यादीच्या व जनगणनेच्या कामातून सोडवावे. नगरपालिकेच्या आराखड्यात ‘क्रीडांगण’ म्हणून राखलेला तुकडा क्रीडांगणच राहील, एवढे नागरिकांनी पाहावे. त्याला वकील लागत नाही, नकाशा वाचता आला म्हणजे पुरते. लहान मुलांना वयाच्या दहाव्या वर्षीच एका खेळाला जुंपू नये. नॉर्वे हा पंचावन्न लाखांचा देश, बर्फावरच्या खेळांत जगात पहिला. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने सोळा सुवर्णे घेतली. पण तेथे अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांचे क्रम लावून जाहीर करीत नाहीत. सर्वांनी खेळावे, अनेक खेळ खेळावेत, आणि सोडून जाऊ नये, एवढीच अपेक्षा. आपल्याकडे आठ वर्षांच्या पोराचा सत्कार होतो, आणि पंधराव्या वर्षी ते पोर खेळ सोडून शिकवणीला बसते.

क्रिकेटवर खापर फोडण्याची रीत आहे, ती आम्हांस पटत नाही. क्रिकेटने दुसऱ्या खेळांची मुले पळविली असे म्हणण्यापेक्षा, क्रिकेटला गल्लीत जागा मिळाली, शनिवार-रविवारचे सामने मिळाले, आणि पाहावयास लोक मिळाले, हे पाहावे. शिवाय २०२८ साली लॉस एंजेलिसला क्रिकेटच ऑलिंपिकमध्ये येत आहे. १९०० नंतर प्रथमच.

चालकांनी एक चिठ्ठी आमच्या हाती दिली आहे. तिच्यात एक गृहस्थ विचारतात, मुलगा नववीत आहे, जिल्ह्यात पहिल्या दोघांत धावतो. त्याला धावू द्यावे की शिकवणीला घालावे? प्रश्न रास्त आहे. धावणाऱ्या शंभर मुलांपैकी एकही ऑलिंपिकला जाणार नाही, हे त्यांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. उरलेल्या शंभरांचे काय, याचे उत्तर देशाने दिल्यावाचून बाप मुलाला मैदानावर सोडणार नाही, आणि न सोडण्यात त्याची चूक नाही. आज दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, रेल्वे आणि फौज खेळाडू घेतात. पुरेसे नाही, पण काहीच नाही असेही नाही. तेव्हा चिठ्ठीवाल्या गृहस्थांना आमचे सांगणे एवढेच, की दोन वर्षे त्याला धावू द्यावे, शिकवणी सकाळची न ठेवता सायंकाळची ठेवावी, गुडघा दुखतो म्हणाला तर ऐकावे, आणि कोणी शक्तीची बाटली आणून दिली तर ती आधी डॉक्टरला दाखवावी. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला स्वतः रजा काढून जावे, शक्य तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही न्यावे. तिची तारीख वर्तमानपत्रात सहसा येत नाही. शाळेत जाऊन विचारावी लागते.